साडेबारा लाखांत मोडकी गिरणी घेतली अन् जमशेदजी टाटांना मेंटेनन्सची खरी किंमत कळली

मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी धामणगाव सोडते आणि थोड्याच वेळात वर्धा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की पुलगाव. रेल्वेने नदीवर पूल बांधला आणि त्याच पुलावरून गावाला नाव मिळालं.

आज पुलगाव म्हटलं की लष्कराचा दारूगोळा डेपो आठवतो. पण डेपो यायच्या कितीतरी आधीपासून पुलगावची ओळख होती कापसाची आणि पुलगाव कॉटन मिलची. १९व्या शतकाच्या शेवटी शेवटी इथे गिरणी उभी राहिली आणि वर्धा जिल्ह्यातलं हे छोटं गाव भोंग्याच्या तालावर जगायला लागलं.

पण कापसाच्या शेताला लागून कापडाची गिरणी काढायची, हे डोकं विदर्भात पहिल्यांदा चालवलं ते पुलगावपासून शंभरेक किलोमीटरवर, नागपुरात. ते चालवणारा माणूस म्हणजे जमशेदजी नसरवानजी टाटा.

आता जमशेदजी म्हटलं की पोलाद कारखाना, ताजमहाल हॉटेल आणि बंगळुरूची विज्ञान संस्था हे सगळं आपण ऐकलेलं असतं. त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. मशीन विकत घेणं सोपं असतं, ते रोज चालतं ठेवणं अवघड असतं, हे या माणसाला कसं कळलं, त्याची ही गोष्ट.

आधी दिवाळं, मग तेलाची गिरणी

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी मुंबईत व्यापार करायचे. जमशेदजी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि वडिलांच्या धंद्यात शिरले.

तेवढ्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, शेअर आकाशाला भिडले. १८६५ साली युद्ध संपलं आणि एका फटक्यात सगळा फुगा फुटला.

जमशेदजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांच्या हातातल्या कागदांची किंमत रद्दीइतकी झाली होती. देणी भागवायला वडिलांना मुंबईतलं राहतं घर विकावं लागलं.

त्यातून सावरून १८६८ साली २१ हजार रुपयांच्या भांडवलावर जमशेदजींनी स्वतःची व्यापारी पेढी सुरू केली. पुढच्याच वर्षी त्यांनी चिंचपोकळीतली एक बुडालेली तेलगिरणी विकत घेतली, तिची सूतगिरणी केली आणि नाव दिलं अलेक्झांड्रा मिल. दोन वर्षांत ती चांगल्या नफ्यात विकूनही टाकली.

बुडालेला कारखाना घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा. पहिल्याच डावात हे जमलं. हा सोपा विजय पुढे त्यांना महागात पडणार होता, पण त्याला अजून वेळ होता.

सगळे मुंबईत, हा नागपुरात का?

१८५४ साली कावसजी डावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली होती. त्यानंतर ज्याला गिरणी काढायची तो मुंबईतच काढत होता. बंदर तिथे, बाजार तिथे, पैसा तिथे.

जमशेदजींनी इंग्लंडला जाऊन लँकेशायरच्या गिरण्या पाहिल्या आणि उलटा हिशोब मांडला. कापूस पिकतो वऱ्हाडात आणि वर्धा खोऱ्यात. तो गाडीने मुंबईला न्यायचा, तिथे कापड विणायचं आणि तेच कापड परत आत पाठवायचं. मग गिरणीच कापसाजवळ का नको? १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होती. वरोऱ्याच्या बाजूला कोळसा होता. आजूबाजूला कापड घेणारी गावं होती.

१८७४ साली १५ लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. नागपुरात जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन घेतली आणि भराव टाकायला सुरुवात झाली. हे बघून एका सावकाराने पैसे द्यायला साफ नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याचं मत होतं. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं म्हणे की टाटांनी माती टाकली आणि सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यात आलं. त्याच दिवशी गिरणी सुरू झाली, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल. सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग घेऊन गिरणी कामाला लागली.

आणि लगेच अडचणी सुरू झाल्या

पहिला प्रॉब्लेम मशिनरीचा. सुरुवातीला आणलेली यंत्रं फारशी चांगल्या दर्जाची नव्हती. सूत मनासारखं निघेना, उत्पादन ठरल्याप्रमाणे होईना. शेअरचा भाव उतरला.

दुसरा प्रॉब्लेम हवामानाचा. सूत काढताना हवेत ओलावा लागतो. मुंबईत समुद्र असल्यामुळे तो फुकट मिळतो. नागपूर, वर्धा, पुलगावकडच्या उन्हाळ्यात मात्र हवा इतकी कोरडी होते की धागा चालता चालता तटकन तुटतो. धागा तुटला की तो जोडायला माणूस थांबतो आणि तेवढा वेळ ती चाती रिकामी फिरते.

तिसरा प्रॉब्लेम माणसांचा. नागपूरच्या आसपासचा कामगार शेतीतून आलेला होता. रोज ठरलेल्या वेळी भोंगा वाजला की हजर व्हायचं, ही सवयच नव्हती. हाताशी थोडे पैसे आले की माणूस दोन दिवस येत नसे. साधारण दिवशी शंभरातले वीस कामगार गैरहजर असायचे.

त्यात १८७७ सालीच मजुरीच्या दरावरून एम्प्रेस मिलमध्ये संप झाला. भारतातल्या कामगार चळवळीच्या इतिहासात नोंद झालेल्या अगदी सुरुवातीच्या संपांमध्ये या संपाचं नाव घेतलं जातं. म्हणजे ज्या गिरणीचं पुढे कामगार कल्याणासाठी कौतुक झालं, तिची सुरुवात कामगारांच्या नाराजीने झाली होती.

शंभरातले वीस जण गैरहजर असले तर बिघडतं काय?

हे समजायला त्या काळची गिरणी कशी चालायची ते बघावं लागेल.

तेव्हा प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर नव्हती. बॉयलरमध्ये कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर एक मोठं इंजिन फिरायचं आणि त्या इंजिनाची ताकद लांबलचक दांडे आणि चामड्याच्या पट्ट्यांमधून प्रत्येक खात्यात पोचायची. इंजिन बंद पडलं की अख्खी गिरणी बंद. एखादा पट्टा सैल झाला की त्याच्यावरची सगळी यंत्रं मंदावली.

कापसाचं काम म्हणजे हवेत सतत तंतू उडणार. ते तेलात मिसळून बेअरिंगमध्ये जाऊन बसतात. तिथे साफसफाई झाली नाही, वेळेवर तेल पडलं नाही, की घर्षण वाढतं आणि भाग झिजतो. कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग मशीनचे तारांचे दात बोथट झाले की कचरा तसाच पुढे जातो आणि सूत जाडंभरडं निघतं. बॉयलरच्या आत पाण्यातला क्षार साचतो. तो वेळच्या वेळी खरवडला नाही तर कोळसा जास्त लागतो आणि बॉयलरला धोका वाढतो.

यातलं एकही काम मोठं नाही. पण प्रत्येक काम रोज किंवा ठरलेल्या दिवशी आणि जाणत्या हातानेच व्हावं लागतं. तो हात आज आहे, उद्या नाही असं झालं, तर बदली माणसाला कुठलं मशीन कुठे आवाज करतं हेच माहीत नसतं. पाचातला एक माणूस गैरहजर असणं हा नुसता हजेरीचा प्रश्न उरत नाही, तो यंत्रांच्या तब्येतीचा प्रश्न होतो.

आजच्या फॅक्टरीत याला दोन नावं आहेत. मशीन बंद पडल्यावर धावपळ करायची ते ब्रेकडाउन मेंटेनन्स. बंद पडायच्या आधीच ठरलेल्या वेळापत्रकाने काळजी घ्यायची ते प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्स. १८७७ साली ही नावं कुणाला माहीत नव्हती. प्रश्न मात्र हाच होता.

जमशेदजींनी काय केलं?

पहिलं म्हणजे, दोन वेगळी माणसं निवडली. कारभार पाहायला बेझनजी दादाभाई मेहता. हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते. गिरणीचा अनुभव शून्य, पण माणसं आणि वेळापत्रक सांभाळण्यात पक्के. यंत्रांसाठी जेम्स ब्रुक्सबी हा इंग्लंडचा जाणकार. एकाने गिरणी चालवायची, दुसऱ्याने मशीन बघायचं. मेंटेनन्स म्हणजे कुणीतरी फावल्या वेळात करायचं काम, असं त्यांनी ठेवलं नाही.

दुसरं, चुकीची मशीन कुरवाळत बसले नाहीत. एखादं यंत्र कितीही दुरुस्त केलं तरी चांगला माल देणार नसेल तर ते बदलायचं. सुरुवातीची बरीच यंत्रं हळूहळू काढून चांगली आणली गेली. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रिंग पद्धतीची सूतकताई यंत्रं चालत होती. लँकेशायरचे मालक अजून आपल्या जुन्या म्यूल यंत्रांवरच खूश होते. म्यूलचा गाडा पुढे येतो, धागा ओढतो, मग मागे जाऊन तो गुंडाळतो. रिंग यंत्रात ओढणं, पीळ देणं आणि गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता होतं. शिवाय त्यावर माणसाला तयार करणंही सोपं. जमशेदजींनी आधी थोडी यंत्रं आणून बघितली, निकाल चांगला आला आणि मग संख्या वाढवली. इंग्लंडचे गिरणीमालक विचार करत होते तोवर नागपुरात ही यंत्रं धावायला लागली होती.

तिसरं, यंत्राभोवतालची हवा सुधारली. खात्यात ओलावा सोडणारी ह्युमिडिफायर यंत्रणा बसवली. कापसाच्या गिरणीला आगीचं भय कायमचं, म्हणून आपोआप पाणी सोडणारे स्प्रिंकलर बसवले. भारतात तेव्हा या गोष्टी नवलाच्या होत्या. ओलाव्याने धागा कमी तुटतो आणि माणसाला श्वासही जरा बरा घेता येतो. एकाच खर्चात दोघांचं भलं.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस टिकवला. गैरहजर राहिला की दंड, हा तेव्हाचा सोपा मार्ग होता. एम्प्रेसमध्ये बक्षिसांचा मार्ग निवडला गेला. कामगार कुटुंबासह जमायचे, खेळ व्हायचे आणि चांगल्या कामगारांना घड्याळं, कडी, रोख रक्कम दिली जायची. १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला. १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई मिळू लागली. कामगारांना नुकसानभरपाई द्यायचा कायदा भारतात आला १९२३ साली, म्हणजे तब्बल २८ वर्षांनी.

याचा अर्थ गिरणीतलं आयुष्य सुखाचं होतं असा नाही. त्या काळात सगळ्याच गिरण्यांत कामाचे तास लांबलचक होते आणि आवाज, उष्मा, तंतू सगळीकडे सारखेच होते. पण म्हातारपणी पेन्शन मिळणार म्हटल्यावर माणूस त्याच गिरणीत, त्याच मशीनवर वर्षानुवर्षं राहतो. आणि वर्षानुवर्षं राहिलेला माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो की कुठे तेल कमी पडलंय. जमशेदजींची दानत खरी होती, आणि त्यात धंद्याचं शहाणपणही होतं.

आणि मग आली ती मोडकी गिरणी

एम्प्रेस रुळावर आली होती. १८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल विक्रीला निघाली. किंमत साडेबारा लाख रुपये. एवढी मोठी गिरणी एवढ्या पैशांत म्हणजे स्वस्तच. जमशेदजींच्या डोळ्यासमोर अलेक्झांड्राचा जुना अनुभव असणार. बुडालेली घ्यायची आणि उभी करायची. त्यांनी ती घेतली आणि नाव दिलं स्वदेशी मिल. बंगालच्या फाळणीनंतरची स्वदेशी चळवळ यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती.

पण आत गेल्यावर खरी परिस्थिती कळली. आधीच्या काळात यंत्रांकडे इतकं दुर्लक्ष झालं होतं की एक दुरुस्त करावं तर दुसरं बंद पडायचं. ठरलेला माल वेळेत निघत नव्हता. जो निघत होता त्याचा दर्जा धड नव्हता. चीनच्या बाजारात पाठवलेल्या सुताबद्दल तक्रारी आल्या. शेअर घसरले. टाटांचं यावेळी काही खरं नाही, अशी चर्चा बाजारात सुरू झाली.

अलेक्झांड्रात त्यांनी तेलाची यंत्रं बाजूला सारून सूतगिरणी बसवली होती. इथे मात्र दुसऱ्याने झिजवलेली यंत्रं गळ्यात पडली होती. दुर्लक्षित मशीनची खरी किंमत खरेदीच्या कागदावर लिहिलेली नसते. ती पुढच्या दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने वसूल होते. साडेबारा लाखांची गिरणी चालती करायला किती पैसा आणि किती झोप खर्च होणार, हे आता कळत होतं.

बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. तेव्हा जमशेदजींनी स्वतःचे एम्प्रेसचे काही शेअर विकले, कुटुंबासाठी बाजूला ठेवलेला पैसाही पणाला लावला. वय सत्तेचाळीसच्या पुढे होतं. वीस वर्षांपूर्वी एकदा घर विकायची वेळ आलेली होती. इथे हरले असते तर तीच वेळ पुन्हा आली असती.

मदतीला आलं नागपूर. एम्प्रेसमध्ये तयार झालेली अनुभवी माणसं कुर्ल्याला आणली गेली. जुनी यंत्रं एकेक करून उघडली, जी दुरुस्त होण्यासारखी होती ती दुरुस्त केली, उरलेली बदलली. हळूहळू माल सुधारला आणि जिथून तक्रारी आल्या होत्या त्याच पूर्वेकडच्या बाजारात स्वदेशीच्या सुताला चांगला भाव मिळू लागला.

नागपुरात दहा वर्षं जी माणसं घडवली होती, त्यांनीच मुंबईतली गिरणी वाचवली. कारखान्याची सगळ्यात मोठी मालमत्ता चात्या आणि माग नसून त्यांची नाडी ओळखणारा माणूस असतो, हे यापेक्षा स्पष्ट कसं दिसणार?

पुढचा विचार

या सगळ्या उठाठेवीतून जमशेदजींच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली असावी. चांगली यंत्रं हवीत तर पोलाद हवं, यंत्रं नीट फिरायला खात्रीची ऊर्जा हवी आणि ती समजून घ्यायला शिकलेली माणसं हवीत. पोलाद, पाण्यापासून वीज आणि विज्ञान संस्था ही त्यांची तीन मोठी स्वप्नं बघितली तर तिन्हींची मुळं गिरणीच्या या अनुभवात सापडतात.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. तिन्हींपैकी एकही स्वप्न तोवर पूर्ण झालं नव्हतं. टाटा स्टील १९०७ मध्ये स्थापन झाली, बंगळुरूची संस्था १९०९ मध्ये आणि खोपोलीची जलविद्युत १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली. विजेची मोटर आली आणि एक इंजिन बंद पडल्यावर अख्खी गिरणी थांबायचे दिवस सरत गेले.

जगाने यावर शास्त्र उभं केलं ते बऱ्याच नंतर. प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्सची पद्धत १९५०च्या दशकात अमेरिकेतून जपानला गेली. तिथे तिला आणखी एक जोड मिळाली. मशीनची काळजी फक्त मेंटेनन्स खात्याने का घ्यायची, मशीन चालवणाऱ्यानेही रोज साफसफाई, तेलपाणी आणि तपासणी करावी, हा तो विचार. त्याला नाव मिळालं टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजेच टीपीएम. आज पुणे, संभाजीनगर, नाशिकच्या कारखान्यांत भिंतीवर टीपीएमचे तक्ते लावलेले दिसतात, ते इथून आले. जमशेदजींनी असा कुठला तक्ता बनवला नव्हता. पण मशीन टिकवायचं तर आधी त्याच्याजवळ उभा असलेला माणूस टिकवावा लागतो, हा त्यातला गाभा ते नागपुरात जगले होते.

मग विदर्भातल्या गिरण्यांचं काय झालं?

एम्प्रेसने वाट दाखवली आणि हिंगणघाट, बडनेरा, पुलगाव अशा कापसाच्या पट्ट्यात गिरण्या उभ्या राहिल्या. पिढ्यान् पिढ्या घरं त्यावर चालली. नंतरच्या काळात यंत्रमागांची स्पर्धा आली, बाजार बदलला. देशभरातल्या बऱ्याच जुन्या गिरण्यांमध्ये एक गोष्ट समान दिसते. नफ्याच्या वर्षांत नवी यंत्रं घेतली गेली नाहीत आणि तोट्याच्या वर्षांत घ्यायला पैसाच उरला नाही. खुद्द एम्प्रेस मिल १९८६ साली टाटांच्या हातून गेली, काही वर्षं सरकारी महामंडळाने चालवली आणि शेवटी बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. पुलगावच्या गिरणीचा भोंगाही थांबला.

गिरणी एका दिवसात मरत नाही. आज तेल उद्यावर ढकललं जातं, या महिन्याची साफसफाई पुढच्या महिन्यावर जाते, निवृत्त झालेल्या फिटरच्या जागी कुणीच येत नाही. हिशोबाच्या वहीत ही सगळी बचत म्हणून दिसते. स्वदेशी मिलमध्ये दुसऱ्या कुणीतरी केलेल्या अशाच बचतीचं बिल जमशेदजींना भरावं लागलं होतं. त्यांच्याकडे विकायला एम्प्रेसचे शेअर होते आणि बोलवायला नागपूरची माणसं होती, म्हणून ते भरता आलं.